नाकाशी नेलेला ग्लास

शिरपूरजवळच्या दारूच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत नवीन होते. मक्याच्या, बर्बनसारख्या व्हिस्कीचं एकच पिंप निवडून तेवढंच बाटल्यांत भरायचं होतं. ते निवडायला धुळ्याहून एक वयस्कर गृहस्थ आले होते.

ते डोळे मिटून ग्लास नाकाशी न्यायचे, घोट तोंडात घोळवून थुंकायचे आणि दमलेल्या चेहऱ्याने मान हलवायचे. एकदा मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी चूळ भरायचं पाणी उचललं, हुंगलं आणि तशीच मान हलवली.

डोळे उघडल्यावर त्यांनी हातातलं पाणी पाहिलं, मग मला.

“आजारपणात नाक गेलं, ताई,” ते पुटपुटले. शेवटचा ग्लास माझ्याकडे सरकवून म्हणाले, “तुमले काय वास येस?”

माझं मत सहसा कोणी विचारत नाही. “आमच्या मेहरूणच्या सुकलेल्या बोरांचा,” मी म्हटलं.

तेवढ्यात मॅनेजर आले. “मग नाना, कोणतं पिंप?”

“हे. सुकलेल्या बोरांच्या वासाचं.” त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “पण पारख या ताईंची आहे. पुढच्या खेपेला मला बोलावू नका.”

मग दिवसभरात पहिल्यांदाच त्यांनी खुर्चीला पाठ टेकली.