पेटीची खंडेनवमी

मी स्वभावाने तापट, आणि स्वतःच्या यंत्रांचा भलताच अभिमानी. साठच्या दशकात लोणावळ्याच्या एका प्रयोगशाळेत मी यंत्रं जुळवायचो. तिथल्या संशोधक बाई भातावरच्या किडीचा फडशा पाडणाऱ्या चिमुकल्या माश्या वाढवत. त्यांची दोन वर्षांची मेहनत एका पेटीत होती. पेटीत तीस अंशांची ऊब टिकली नाही, तर अंड्यांचा निकाल लागलाच म्हणून समजा.

आधी आमचे शिपाई, औंढ्याचे एक आबा, गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून ती ऊब राखत. मी पाऱ्याच्या इशाऱ्यावर आपोआप पेटणारे-विझणारे बल्ब बसवले आणि ऐटीत सांगितलं, "आबा, आता बाटल्या ठेवून द्या. ह्याला माणूस लागत नाही."

खंडेनवमीला सुट्टी होती. सकाळी ओल्या फडक्याने पेटी पुसायची म्हणून मी बटण बंद केलं, कुंकू लावलं, झेंडू वाहिला, प्रसाद खाल्ला आणि गाडीने बेगडेवाडीला घरी आलो. दुपारी पानावर बसलो आणि आठवलं, बटण! हातातला घास तसाच टाकून उठलो. बाहेर मळभ, चांगलाच गारठा. "अहो, निदान वरणभात तरी!" बायको ओरडत राहिली, मी स्टेशनाकडे पळत सुटलो. गाडीत सगळा वेळ स्वतःला शिव्या घालत होतो. बाईंना काय तोंड दाखवणार?

धापा टाकत पोचलो. बटण बंदच होतं. पेटीजवळ स्टुलावर आबा, शेजारी स्टोव्हवर पाण्याचं पातेलं. पेटीत फडक्यांत गुंडाळलेल्या बाटल्या. पारा पाहिला. तीसला जेमतेम अर्धा अंश कमी.

"आबा, बटण का नाही लावलं?"

"आवो सायेब, पुजलेलं हत्यार आज कुनी चालवतं व्हय? मला वाटलं, तुमी त्याला इसावा दिलाय. म्हनलं, आजचा दिस आपुन सांभाळू."

"सकाळपासून इथंच? जेवलात?"

"न्हाई. पानी लय लवकर निवतं."

सुटलो बुवा! मी तिथंच जमिनीवर बसलो. डोळ्यांत पाणी आलं, ते लपवलंही नाही. चार दिवसांनी अंड्यांतून माश्या नीट बाहेर आल्या, पण माझा जीव त्याच क्षणी भांड्यात पडला होता.

पूजेचं ताट अजून तिथंच होतं. सकाळी मी पेटीला, बटणाला, माझ्या पकडीलासुद्धा कुंकू लावलं होतं. आबा तेव्हा शेजारीच उभे होते. त्यांच्या कपाळाला लावायचं राहिलं होतं, ते आता लावलं.