भेटीच्या वेळेतलं पानिपत

गाझियाबादच्या आमच्या हॉस्पिटलात ब्लड प्रेशरच्या गोळीवरून डॉक्टर ओळखता यायचा. मोठे साहेब अम्लोडिपिनवाले, त्यांच्या हाताखालचे टेल्मिसार्टनवाले, आणि संध्याकाळच्या ड्यूटीवरची पोरं लघवी जास्त करवणाऱ्या गोळीची भक्त. आकडा चढला की जो तो आपली एक गोळी वाढवून मोकळा! मीही त्यांच्यातलीच डॉक्टर, फक्त जरा तापट.

एक काका होते. केंद्र सरकारच्या नोकरीतून रिटायर झालेले, मूळचे साताऱ्याचे. न्यूमोनियासाठी आले, तो बरा झाला आणि प्रेशरपायी अडकले. "डॉक्टरीणबाई, संक्रांतीला मला पानिपतला जायचंय हो, काला अंबच्या स्मारकापाशी. दिल्लीत आल्यापासून एक वर्ष चुकलेलं नाही. सोडा मला." बोलताना डोळे भरून यायचे. पण रोज संध्याकाळी आकडा चढलेला, की गोळी वाढलेली. तिसऱ्या गोळीनंतर तर सकाळी उठताना घेरी येऊन ते पलंगाशीच धडपडले. आता कसली सुटी!

माझं डोकं भडकलं. त्या संध्याकाळी राउंडच्या आधीच वॉर्डात गेले, तर दारातूनच मराठी आवाज. भेटायला आलेली मंडळी पलंगाभोवती बसलेली, आणि पानिपतची लढाई नव्यानं पेटलेली. "बायकापोरं, यात्रेकरू बरोबर न्यायचेच कशाला?" एकजण म्हणाला. काका लालबुंद होऊन कडाडले, "अहो, आधी रसद कुणी तोडू दिली ते बोला!" आणि तेवढ्यात सिस्टर प्रेशरचा पट्टा घेऊन हजर.

हसावं की रडावं कळेना. "चलो, सगळे बाहेर!" मी ओरडले. तिसरी गोळी बंद केली आणि भेटीच्या वेळेत पानिपतही बंद. काका रुसले.

"मग बोलायचं तरी काय?"

"भाजीचे भाव बोला!"

आकडा उतरला, घेरी गेली, आणि संक्रांतीच्या आधी काका घरी गेले. मला कोण आनंद झाला!

पुढे तपासून घ्यायला आले ते तिळगूळ घेऊनच. पट्टा बांधला. प्रेशर झकास. मी चिडवलं, "काय काका, पानिपतला भांडला नाहीत वाटतं?"

"छे हो," ते म्हणाले, "तिथं कोण भांडतंय? तिथं गेलं की सगळे चपला काढून गप्प उभे राहतात."