काटोलकरांचे नरखेडकर

सुशीला गेल्याचं मला चहावाल्याकडून कळलं. सकाळी ऑफिसच्या फाटकाशी तो म्हणाला, "बाई, सुशीलाताई पहाटे गेल्या. तुमाले नाही मालूम?" नव्हतं मालूम. त्याला होतं, शिपायाला होतं, अध्यक्षांच्या घरी तर उजाडायच्या आत फोन गेला होता. इतकी वर्षं जिच्या शेजारच्या खुर्चीत बसले, तिची बातमी मला सगळ्यांत शेवटी! रडू नंतर आलं… आधी आला तो राग. काविळीनं ऐन पस्तिशीत गेलेल्या बाईवर कसला राग धरायचा, असं लोक म्हणतील. म्हणोत. महिना होऊन गेला तरी तो निवलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आम्ही दोघी संत्रा बागायतदारांच्या एका सहकारी संघात कॉम्प्युटरवर होतो. त्या काळी नागपुरात कॉम्प्युटर म्हणजे थंड खोलीत ठेवलेलं अप्रूप. चपला बाहेर काढून आत जायचं, दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहायचं, आपट्याची पानं ठेवायची. मी पांढरपेशा धरमपेठेतली, शब्द तोलून बोलणारी. ती नरखेडकडच्या शेतकऱ्याची मुलगी, लग्नानंतर शहराबाहेरच्या हुडकेश्वरला राहणारी. शिक्षण दोघींचं सारखंच, डोकंही सारखंच म्हणू या. पण ती बोलायला लागली की शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळे हातातलं काम टाकून ऐकत. तिनं डबा उघडला की भोवती माणसं जमायची. तिच्या झुणक्यात असं काय होतं, मला कधी कळलं नाही. खात मात्र मीही होते.

काटोलमधून फुटून नरखेड वेगळा तालुका झाला आणि आमच्या सभासदांचे पत्ते बदलायची वेळ आली. नाव, गाव, तालुका, सगळं आम्ही एकाच ओळीत भरलेलं. तेवढ्या ओळी हातानं कोण बदलणार? म्हणून कॉम्प्युटरला एकच हुकूम द्यायचा ठरलं: या या गावांच्या ओळींत जिथे 'काटोल' ही अक्षरं दिसतील, तिथे 'नरखेड' घाल. मी म्हटलं, आधी एक पान छापून पाहू. सुशीला म्हणाली, "काहून वं, भेव लागून राहिलं का तुले? मशीन का चुकते?" मशीन चुकली नाहीच. तिनं सांगितलं तसं अक्षर न् अक्षर केलं. वार्षिक सभेची निमंत्रणं गेली, आणि त्या गावांतले झाडून सगळे काटोलकर नरखेडकर होऊन बसले.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? म्हटलं, आता उतरेल हिची हवा. आणि तसे एक म्हातारे काटोलकर पाकीट नाचवत आलेच. "माह्या बापाचं आडनाव कोनं बदललं? बोलवा त्याले!"

सुशीला उठून उभी राहिली. "म्या बदललं, काका. आमा बायकांचं तं लग्नात जन्मभरासाठी बदलते, तवा कोनी इचारते का आमाले? तुमचं चार दिवस बदललं तं एवढा राग?"

काकांनी डोळे वटारले, आणि मग ते असे हसायला लागले की त्यांना ठसका लागला. पाणी मी आणून दिलं. पुढच्या बहाराला त्यांच्याकडून संत्र्यांची पेटी आली, ती सुशीलाच्या नावानं. चुकली तरी कौतुक हिचंच!

निस्तरलं मी. उलटा हुकूम देऊन भागणार नव्हतं. नरखेडचं पुन्हा काटोल केलं असतं, तर तालुकाही मागे गेला असता आणि जे मुळातले नरखेडकर होते ते काटोलकर झाले असते. बदलाआधीची सगळी नावं जशीच्या तशी साठवलेली जुनी टेप मी मशीनवर चढवली. आधी जिथे 'काटोलकर' होतं, तिथे कुणाच्याच नावागावात नसलेली एक खूण घातली. मग काटोलचं नरखेड केलं. मग त्या खुणेच्या जागी काटोलकर परत आणले. जेवणाच्या सुटीआधी काम उरकलं. सुशीला टाळ्या पिटत ऑफिसभर सांगत सुटली, "मंगलानं केलं! मले तं सात जन्मात सुचलं नसतं." त्यावर लोक काय म्हणाले? "पाहा, किती मोठ्या मनाची बाई!" म्हणजे डोकं मी चालवायचं आणि मन तिचं मोठं ठरायचं. पुढेही कोणी नवा माणूस आला की ती त्याला हा किस्सा ऐकवी, माझं नाव घेऊन, आणि तो माणूस तिच्यावर खूश होऊन जाई.

शोकसभेत अध्यक्षांनी तोच किस्सा सांगितला, आणि त्यांच्या सांगण्यात माझी युक्ती सुशीलाची झाली. मी ताडकन उठले. ती माझी होती हो, आयुष्यात मिरवावी अशी एवढी एकच गोष्ट होती माझ्याजवळ! पण सांगणार कसं? किस्सा सगळ्यांनी ऐकलेला, पण त्यातलं माझं नाव लक्षात ठेवणारी साक्षीदार एकच, आणि तिच्या फोटोला हार घातलेला. लोकांना वाटलं, मी दोन शब्द बोलायला उभी राहिले. "फार चांगली होती," एवढं कसंबसं म्हणून खाली बसले. घरी जाऊन ढसाढसा रडले… तिच्यासाठी की माझ्यासाठी, मलाच ठाऊक नाही.

गेल्या आठवड्यात साहेबांनी बोलावलं. आमच्या प्रत्येक अहवालाच्या माथ्यावर 'तपासणार' म्हणून सुशीलाचं नाव छापून येतं. ते काढून तिथे तुमचं घाला, म्हणाले. त्या जागेवर माझा पहिल्यापासून डोळा होता. हुकूम लहानसाच: तिचं नाव दिसेल तिथे माझं घाल. एक पान छापून पाहिलं. नाव अगदी ठसठशीत आलं होतं. आमच्या खोलीतली एक रीत होती, काही मनासारखं जमलं की जिनं जमवलं तिनं टर्रकन कागद फाडायचा आणि खुर्ची फिरवून शेजारणीपुढे धरायचा. मी कागद फाडला, खुर्ची फिरवली आणि म्हणाले, "पाह्य वं…"

आता ते नाव वाचायला मी एकटीच होते.