कुंदाचे लगतधारक

मोजता येणार नाही अशी एकही वस्तू देवानं या जगात केलेली नाही, असं मनापासून मानणारा मी पाहिलेला एकमेव माणूस म्हणजे माझे मामा. ते सरकारी भूकरमापक होते, म्हणजे शेतजमिनींची मोजणी करून हद्दी दाखवून देणारे. नांदगाव, वणी, सुरगाणा असा सगळा मुलूख पायाखाली घालून ते निवृत्त झाले आणि नाशिकरोडला जेल रोडवर राहायला आले, पण खिशातली टेप काही निवृत्त झाली नाही. कुणी नवा सोफा घेतला की पेढ्याआधी सोफा मोजायचे. दातांच्या डॉक्टरांनी तोंडात आरसा घातलेला असतानाही खुर्ची किती मागे कलते ते हातवारे करून विचारायचे. मामी गेल्या तेव्हा दशक्रियेला गोदाकाठी सगळे डोळे पुसत होते आणि मामा वाकून घाटाच्या पायरीची उंची घेत होते. माझ्या लग्नात तर अंतरपाट धरायच्या आधी टेप घेऊन मांडवभर फिरले. मुलीकडच्या एकानं मला विचारलं, "मांडववाले का हे?" मी 'हो' म्हणून मोकळा झालो. त्या लग्नाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायची आहे. पण ती मला चोवीस वर्षं सांगता आली नव्हती, तेव्हा जरा दमानं.

मामांना एकच मुलगी, कुंदा. माझ्याहून आठ वर्षांनी लहान. जन्मताना काहीतरी झालं आणि तिची समज मागे राहिली. मध्यंतरी तपासलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "वय चव्वेचाळीस, पण बुद्धी सात-आठ वर्षांच्या मुलीची." मामा तिथल्या तिथे म्हणाले, "कोणत्या पट्टीनं मोजलंत? सात वर्षांच्या पोरीला आपल्या बापाला बरं नाही हे पावलांच्या आवाजावरून कळतं का? हिला कळतं." डॉक्टरांनी चष्मा पुसला.

मामी होत्या तोवर मामांना घाई नव्हती. त्या गेल्या आणि मामांनी भेटेल त्याला एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली, "समजा, उद्या मी नाही. तर कुंदाचं काय?" लोक म्हणायचे, "देव आहे." मामा म्हणायचे, "देवाची सही चालत नाही." शेवटी एका वकीलबाईंनी मार्ग सांगितला. कुंदासाठी विश्वस्तपत्र करायचं, घर आणि पुंजी त्या विश्वस्तनिधीत ठेवायची आणि तीन विश्वस्तांनी ती फक्त कुंदासाठी वापरायची. घर सरळ कुंदाच्या नावावर का करायचं नाही, असं मी विचारलं तेव्हा मामा म्हणाले, "अरे भाचेबुवा, तिच्या नावावर केलं तर तिला सही करता येत नाही. नातेवाइकाच्या नावावर केलं तर त्याला लय चांगली करता येते!"

विश्वस्तपत्र नऊ पानांचं झालं. मामांनी त्याला जोडपत्र लिहिलं ते एकशे चाळीस पानांचं. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. पण मला ते हातात मिळालं आणि खाली ठेववेना. "कुंदाला वांगं चालतं, पण त्याचं नाव घेतलेलं चालत नाही. 'भाजी' म्हणावं." "वेणी घालताना आधी डावी बाजू." "वीज गेली की ती हसते. आपणही हसावं, कारण विचारू नये." "दाताच्या डॉक्टरांकडे खुर्ची तीन टप्प्यांत मागे घ्यावी, एकदम नाही." "गोदाकाठी न्यायचं तर रामकुंडाकडच्या पायऱ्या उंच आहेत, पलीकडच्या बाजूनं न्यावं." हे वाचलं आणि मी पान मिटवून बसलो. मामींच्या दशक्रियेला कुंदाला खाली उतरता येईल का, एवढंच ते बघत होते.

दोन विश्वस्त मिळाले होते. एक शेजारच्या काकू, दुसऱ्या कुंदाच्या शाळेतल्या निवृत्त बाई. तिसरा मी व्हावं असं मामांचं म्हणणं. मामांची छाती अधूनमधून दुखायची आणि तिसऱ्या सहीशिवाय कागद अडला होता. मी दोन महिने 'बघतो' म्हणत राहिलो. मग एक दिवस पोस्टानं नोटीस आली, मामांच्या अक्षरात. "आपण कुंदा हिचे लगतधारक असल्याने रविवारी सकाळी साडेदहा वाजता जागेवर हजर राहावे. गैरहजर राहिल्यास मोजणी थांबणार नाही." लगतधारक म्हणजे शेताला शेत लागून असलेला शेजारी. मोजणीच्या वेळी त्याला बोलवावंच लागतं, कारण हद्दीला हरकत घ्यायचा हक्क त्याचा. वणी-नांदगावात जन्मभर जे केलं, तेच मामांनी लेकीसाठी केलं.

गेलो. सतरंजीवर काकू, बाई, वकीलबाई आणि घरकामाच्या भागीबाई बसल्या होत्या. भागीबाई मूळच्या सुरगाण्याकडच्या, कुंदाला रोज आंघोळ घालणाऱ्या. मध्ये खुर्चीवर कुंदा, नव्या साडीत. मामा एकेकाला उभं करून विचारत, "तुमची हद्द कुठून कुठपर्यंत? काय कराल, काय जमणार नाही?" काकू म्हणाल्या, "दोन वेळचं जेवण माझ्याकडे. दवाखाना मात्र नाही, मला सुई बघवत नाही." मामांनी लिहून घेतलं. भागीबाई पदर खोचत म्हणाल्या, "लय इचारता बाबा तुमी. तुमी गेल्यावं मी येयाचं का नाय, तेवढं सांगा ना." मामा म्हणाले, "यायचं." "मंग झालं!" म्हणून त्या चहा टाकायला उठल्या.

माझी पाळी यायची होती, म्हणून मी जोडपत्र चाळत बसलो. शेवटच्या पानाला घडी घातलेला एक नकाशा होता, पिवळा पडलेला. वर लिहिलं होतं, "भाच्याच्या लग्नाचा मांडव." बोहलं, पंगत, सनईवाले, आईस्क्रीमचं टेबल, सगळं मापानं. बोहल्याजवळ एक छोटा रिकामा चौकोन, त्यात "कुंदा". खाली टीप होती. "कुंदाला ताप असला की हा दाखवावा. ती 'मी कुठं?' विचारते. चौकोनावर बोट ठेवावं."

आता ती गोष्ट. लग्नाच्या आठ दिवस आधी मी आईला म्हणालो होतो, "कुंदाला आणू नका म्हणावं मामांना. मुलीकडचे भलतेसलते प्रश्न विचारतील." आईनं ते आपल्या शब्दांत भावाला सांगितलं. लग्नाला मामा एकटेच आले. कुंदाला ताप आहे, मामी तिच्याजवळ थांबल्या आहेत, असं ते प्रत्येकाला सांगत होते. मंगलाष्टकांना नवरदेवाचा मामा म्हणून माझ्या पाठीशी उभे राहिले, खांद्यावर हात ठेवून. कुंदासाठी अबोली रंगाची साडी आणून ठेवली होती, हे मला मागाहून कळलं.

"भाचेबुवा, तुमची हद्द?" मामांनी विचारलं.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "माझी हरकत आहे मामा. माझ्याच नावाला." आणि सगळं सांगितलं, सगळ्यांसमोर, कुंदासमोरही. काकू खाली बघायला लागल्या. भागीबाई कपबशा तशाच टाकून दारात आल्या.

मामांनी शांतपणे कागद ओढला. "हरकत नोंदवली." लिहिता लिहिता म्हणाले, "मला तेव्हाच ठाऊक होतं. तुझी आई खोटं बोलताना पदराचं टोक पिळते."

"मग हरकतीवर निर्णय?" वकीलबाईंनी हळूच विचारलं.

"फेटाळली. आपली हद्द कुठं चुकली हे ज्याला पक्कं ठाऊक हाय, तो खुणेचा दगड पुन्हा नाही सरकवत. बाकीच्यांचं मला अजून कळायचंय." काकू फणकारल्या, "म्हणजे आम्ही चुका करून यायचं होतं का?" आणि सगळे हसले. कुंदाही हसली. मी सही केली. मामांनी पट्टी धरली, ओळ तिरकी जाऊ नये म्हणून.

मामांना जाऊन आता वर्ष होईल. सकाळी भागीबाई येतात, दुपारी काकूंकडचा डबा, रविवारी मी. जोडपत्राची पानं हळदीच्या बोटांनी पिवळी झाली आहेत. एकशे चाळीस पानांत आम्हाला अजून एकही चूक सापडलेली नाही. फक्त 'मामा कुठं?' असं तिनं विचारलं तर काय सांगायचं, ते मात्र त्यांनी लिहिलेलं नाही. एवढं सगळं मोजणाऱ्या माणसानं तेवढं कसं राहू दिलं, याचं मला कुतूहल आहे.

मागच्या रविवारी कुंदाला ताप होता. मी नकाशा काढला. तिनं विचारलं, "मी कुठं?" मी तिचं बोट चौकोनावर ठेवलं. "तू कुठं?" मी बोहलं दाखवलं. तिनं दोन्हींमधल्या रेषेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "किती?"

मामांनी तिथे बारीक अक्षरात लिहूनच ठेवलं होतं. मी वाचलं, "अकरा हात."

कुंदानं थोडा विचार केला. मग म्हणाली, "जवळच की."