एका ओट्यावर चार नावं

खारदांड्याची समीक्षा लहानपणापासूनच ताठ मानेची. शाळेत एका बाईंनी मासळीचा वास येतो म्हणून तिला मागच्या बाकावर धाडलं, तर दुसऱ्या दिवशी ही डब्यात सुकट घेऊन पुढच्याच बाकावर जाऊन बसली. झाकण उघडं टाकून. बाईंनी नाकाला पदर लावला, पण पुन्हा काही तिला उठवलं नाही.

आता ती अंधेरीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. तिथं एक विषय आहे, डेटाबेस. नाव ऐकून छाती दडपते, पण आत डोकावलं तर नुसते तक्ते. एका तक्त्यात माणसं, दुसऱ्यात जागा नाहीतर वस्तू, आणि मधे रेघ ओढून सांगायचं, कोण कुणाचं. सोयरीक जुळवणाऱ्याचंच काम म्हणा ना, फक्त पोहे मिळत नाहीत. ह्याच विषयात समीक्षाला मागल्या वर्षी केटी लागली होती, म्हणजे नापास होऊन पुन्हा बसायचं. यंदाही विषय राहिला असता तर वर्ष बुडालं असतं, आणि "पोरीचं शिक्षण पुरे आता" म्हणायला मामा तयारच होता.

विनिता मॅडमनी तिघातिघांचे गट केले. समीक्षाच्या गटात मुलुंडचा मिहिर आणि कांजूरमार्गची प्रांजल. मॅडमनी छापील कागद दिला: मासळी बाजाराचा डेटाबेस बनवा. खाली अटी. त्यातली एक, एका ओट्याची मालकीण एकच.

मिहिर उड्या मारायला लागला. "झकास! हे तर समीक्षाच्या घरचं कार्य. आपण फक्त जेवायला जायचं."

समीक्षानं पण भराभर तक्ते मांडले. घरच्या ओट्यापुढे मालकीण म्हणून आपल्या आजीचं नाव टाकलं, मथुरा. लायसनवर तेच होतं. आणि मोठ्या हौसेनं लॅपटॉप घेऊन बाजारात गेली, दाखवायला. तिथंच चुकली.

त्या दिवशी ओट्यावर कमलकाकी होती. कमलकाकीला वाचता येतं, चष्म्याशिवाय येतं, आणि जे तिला दाखवायचं नसतं ते तर फारच चांगलं येतं.

"काय गो, हा आपला ओटा ना?"

"हो काकी."

"मंग मी कुठं?"

समीक्षानं पडदा वरखाली सरकवला.

"आन् तुझी आई? शुभा कुठं? आम्ही दोघी काय हितं माशा मारायला बसतो?"

शेजारच्या ओट्यावरच्या बायांनी बोंबील साफ करायचे थांबवले. असला तमाशा फुकट कुठं बघायला मिळतो!

"अगं काकी, लायसन आजीचं आहे. कागदात एकच नाव टाकायचं म्हणतात."

"कागदाला काय कळतंय! तुझा काका गेला तवा सासूनं मला हात धरून हितं बसवलं. उद्या सासू गेली, तर हा तुझा डबा म्हणेल, कमल कोण? कुठली बाई?"

काकी आवाज चढवून बोलत होती, पण विळीवरचा हात हलत नव्हता. समीक्षानं ते बघितलं. दुसऱ्या कुणी नाही, तिनं स्वतःच्या हातानं काकीला ओट्यावरून उठवलं होतं. बाईंनी तिला पुढच्या बाकावरून उठवलं होतं तसंच.

त्यांच्या घरची रीत अशी. आज जी धक्क्यावरून माल आणेल ती दुपारी झोपेल, दुसरी ओट्यावर बसेल, तिसरी चूल सांभाळेल. उद्या अदलाबदल. नवी सून आली की सासू आपल्या बुडाखालचा पाट काढून तिला बसायला देते. झालं. त्या दिवसापासून तिचीही पाळी. सही नाही, शिक्का नाही, भांडणं मात्र पोटभर, पण पाळी कुणी कुणाची मारली नाही.

समीक्षानं जुनी रेघ पुसली आणि मधे एक नवा तक्ता घातला, पाळीचा. ओटा एक, बाया तीन.

मिहिरनं कपाळाला हात लावला. "अगं यार, कागदात साफ लिहिलंय, एकच मालकीण. मार्कांची वाट लागेल."

"कागद चुकलाय."

"असू दे ना! आपल्याला काय खरा बाजार चालवायचाय? आणि केटी तुला आहे, मला नाही. घाबरायचं तू, तर मीच घाबरतोय."

"मग घाबर. दोघांच्या वाट्याचं घाबर."

प्रांजल इतका वेळ वेफर खात होती. ती म्हणाली, "चूक आहे हे माहीत असून तेच करायचं, तर मागल्या वर्षीच्या मुलांच्या प्रोजेक्टची कॉपीच मारली असती की. मिहिर, तू बस खाली."

विनिता मॅडमनी बघितलं. बाई वाईट नव्हती. "तक्ता छान बांधलायस. पण मी मागितलं एक आणि तू आणलंस दुसरं. परीक्षेला बाहेरचे सर येणार आहेत, ते कागद धरून मार्क देतात. बदल गं. एका रेघेचा तर प्रश्न आहे."

"त्या रेघेवर माझी काकी बसते, मॅडम."

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे सर आले. चंद्रप्रकाश सर. कागद बघितला, पडदा बघितला, पुन्हा कागद बघितला.

"एका ओट्यावर तीन नावं?"

"हो सर."

"अट वाचली नाही?"

"वाचली सर. आमच्याकडं तसं चालत नाही."

"इथं आमच्याकडचं चालतं," सर म्हणाले, पण रागानं नाही. "आता माझ्यासमोर दोन नावं काढ, पास करतो."

मिहिरचा हात बटणाकडे गेलाच होता. समीक्षानं लॅपटॉपवर पंजा ठेवला. मामाचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे नाचत होता, तरी पंजा काही हलला नाही.

"मार्क कापा सर. नावं राहू द्या."

सरांनी मार्क कापले. चांगले कापले. मिहिर आणि प्रांजल आपल्या लेखी परीक्षेच्या जोरावर तरले. समीक्षा लटकली. मॅडमनी तिला दुरुस्त करून आणायला मुदत दिली. "शेवटची संधी. कागद डोळ्यांसमोर ठेवून कर," म्हणाल्या.

मधल्या काळात कमलकाकीच्या मुलाचं, केतनचं लग्न झालं. अक्षता सून होऊन घरात आली. हळद उतरायच्या आत काकीनं तिला बाजारात नेलं आणि आपला पाट तिच्याकडे सरकवला. अक्षता लाजत बसली, आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला कोलंबीचा भाव असा काही सांगितला की मथुराआजी सुद्धा खोकली.

मुदत संपताना समीक्षा मॅडमपुढे उभी राहिली. मॅडमनी पडदा बघितला आणि चष्मा काढला.

"मी नावं कमी करायला सांगितलं होतं. तू वाढवून आणलंस?"

"काय करू मॅडम, चुलतभावाचं लग्न झालं."

"आणि उद्या पाचवी आली तर?"

"येऊ द्या की. पाळीच्या तक्त्यात जागा आहे. बाकी काही मोडत नाही, मी करून बघितलं."

मॅडमनी पण एक खोटं नाव घालून बघितलं. मोडलं नाही. मग कागदावरच्या अटीवर बोट ठेवलं. "अट मोडल्याचे मार्क मिळणार नाहीत," म्हणाल्या. "बाकीचे देते." बाकीच्यांत समीक्षा पास झाली. अगदी काठावर.

संध्याकाळी ओट्यावर कमलकाकीनं विचारलं, "लागला काय निकाल?"

"काठावर पास."

"होडी काठालाच लागते गो. मधे लागली तर बुडते. आता माझं नाव दाखव." ओल्या बोटानं तिनं पडद्यावर आपलं नाव चाचपलं, मग सुनेचं. "हिचं माझ्या खाली घातलंस ना? मंग बरोबर."

दुसऱ्या दिवशी वर्गात मिहिरनं नाक वर केलं. "समीक्षा, तुझ्या लॅपटॉपला मासळीचा वास येतोय."

"येणारच," समीक्षा म्हणाली, आणि पुढच्या बाकावर जाऊन तिनं झाकण उघडलं.