कुणकेश्वरची मुंबई भेळ

मी आयुष्यात पहिली भेळ खाल्ली, ती भेळेतली जाणकार म्हणून.

लग्नाला सात महिने झाले होते. हे मुंबईला गिरणीत आणि मी गावी सासूबाईंजवळ. मला मुंबईत बिऱ्हाड करायचं होतं आणि सासूबाईंचं एकच पालुपद, "मुंबयक काय आसा गो?" मग मी मुंबईचे गोडवे गायची. दोन महिने राहिले होते ना तिथे! (तीन वर्षांची असताना. गोवर आला होता, खोलीबाहेर काढलं नव्हतं.)

शिवरात्रीचा उपास सोडून आम्ही कुणकेश्वरच्या जत्रेत फिरत होतो. झावळ्यांच्या आडोशाला पाटी दिसली, 'मुंबई भेळ'. म्हटलं, सासूबाईंना मुंबई आवडली की मी मुंबईच्या बोटीत बसलेच!

"आये, एकदा खावन तरी बघा!"

हाटेलवाल्या बाबलने दोन पानं पुढे केली. खाऱ्या हवेने कुरमुरे ओल्या कापसासारखे झालेले. त्यावर कोकमाचं लालभडक, खारट-आंबट आगळ आणि वर जत्रेतलंच गुळाचं खाजं कुटून!

सासूबाईंनी घास तोंडात बराच वेळ फिरवला.

"काय गो, भेळ अशीच आसता?"

बाबलने मान खाली घातली. बिचारा कबूलच करणार होता!

"अस्सल आसा, आये! मुंबयक हीच खातत. तुमचो झील तर रोज खाता!" मी ह्यांनाही साक्षीला ओढलं.

आणि मी पान चाटूनपुसून संपवलं. वर दुसरं मागवलं! (आगळाने डोळ्यांत पाणी आलं, ते आनंदाचं म्हणून खपवलं.) बाबलने माझ्याकडे ज्या भक्तीने पाहिलं, तशी त्या दिवशी गाभाऱ्यातसुद्धा नसेल.

परतताना सासूबाई अर्ध्या वाटेत थांबल्या.

"माझो झील रोज ह्यां खाता?"

"रोज."

"मगे तू हय काय करतंस? पुढच्या बोटीन जा आणि त्याका भात-आमटी घाल!"

जिंकले! मुंबईत पहिल्याच रविवारी ह्यांनी मोठ्या हौसेने मला चौपाटीवर भेळ खायला नेलं. मी एक घास खाल्ला आणि चारचौघांत भेळवाल्याला ठणकावलं, "येत नाही तर करू नये भाऊ! आगळ कुठाय? खाजं कुठाय? आणि कुरमुरे इतके कडक?"

भेळवाल्याने ह्यांच्याकडे पाहिलं. हे, मला कधी पाहिलंच नसल्यासारखे, समुद्राकडे बघत होते.