कार्डाएवढी फट

सबनीस काका गेले अन् आमच्या रुळांचा जोड लावायचा राहून गेला.

तेव्हा मी काहीच पोस्ट केलं नाही. आज लिहितो.

गावाकडचे दोस्त विचारतील, कोण सबनीस? नातेवाईक नाही. साहेब नाही. मी पुण्यात फॅब्रिकेशनच्या शॉपमधे वेल्डिंग करतो, ते रिटायर माणूस. आमची ओळख रेल्वेची.

खऱ्या नाही. टेबलावरच्या.

झालं असं का, एका हॉलमधे आमच्या शॉपचे लोखंडी स्टँड पोचवाले गेलो होतो. तिथे मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन लागणार होतं. एक म्हातारा माणूस टेबलावर गाल टेकवून, एक डोळा मिटून बसला होता. मले वाटलं चक्कर आली.

जवळ गेलो तर तो रूळ पाहून राहिला होता. रुळावर वितीएवढं इंजिन. त्याचे बोल्टसुद्धा दिसत होते.

"विकाले आहे का जी हे?"

"नाही. बनवायला आहे. बनवणार?"

मी हो म्हटलं. मले हो म्हणायले वेळ लागत नाही. नागपूर, सुरत, हैदराबाद, सगळीकडे हो म्हणूनच गेलो अन् कंटाळा आला का बॅग उचलली. शाळापण तशीच सोडली.

रविवारी त्यांच्या सोसायटीत गेलो. सोसायटी म्हणजे क्लब, एका बिल्डिंगच्या पार्किंगमधे भरतो. सगळे इंग्लिशमधे बोलत. माझ्यासाठी मराठीत येत, मग परत विसरून जात. चहा चांगला होता.

तिथे कळलं का हे खेळणं नोहे. खेळण्यातल्या गाडीची चाकं जाड, ती कशीही धावते. इथे चाकाची कड खऱ्या मापात बारीक. रूळ केसाएवढा सरकला का डबा खाली.

अन् मेंबर व्हायची एक रीत आहे.

नव्या माणसाने एक लाकडी बोर्ड बनवायचा, त्याच्यावर हाताने रूळ टाकायचे. मग ज्याने त्याले आणलं, त्याच्या बोर्डाले तो जोडायचा. पहिला डबा मोटरने जात नाही. आणणारा आपल्या बाजूने बोटाने ढकलतो, नवा माणूस पलीकडे घेतो. पडला तर परत मेहनत. पोचला तर मेंबर.

मले काकांनी आणलं होतं.

मी आमच्या गावचं रेल्वे फाटक बनवाले घेतलं. आंबागडकडचं, तुमसर-तिरोडी लाईनचं. दोन्हीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, अन् मधातून मँगनीजचे डबे जातात ते. मायले फोन केला का फाटकाजवळची माती पाठव.

"माती? कायले?"

"रेल्वे बनवून राहिलो."

मायने काकांनाच फोन द्याले लावला. "पोरगा लगनाचा झाला अन् आगगाडी खेळून राहिला. तुमी त्याच्या नादी लागले का तो तुमच्या नादी लागला जी?"

काका म्हणाले, "अजून ठरलं नाही."

माती मावसभावाच्या बॅगेतून आली. काकांनी ती काकूंच्या चहाच्या गाळणीने चाळली. काकूंनी नवीन गाळणी आणली अन् लपवून ठेवली.

रूळ मी असे टाकले का कुठेच फट नाही. दोन तुकडे भेटतात तिथे सोल्डर भरून, घासून, एकजीव. वेल्डर आहे, फट दिसली का मले काम कच्चं वाटते. सोसायटीतले पण म्हटले, व्हेरी नीट.

मे महिन्यात बोर्ड माझ्या खोलीवर होता, पत्र्याखाली. ड्युटीवरून आलो तर रूळ सापावाणी वाकडे होऊन वर उठले होते.

काकांना फोन करून सांगितलं, हे माझ्याच्याने होत नाही. शॉपपण सोडतो. गावाले चाललो.

काका बसने खोलीवर आले. बोर्ड पाहून हसले. मले राग आला. मग त्यांनी खिशातून जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा काढला.

"दोन रुळांच्या मधे हे कार्ड घालायचं, रूळ बसवायचा, मग कार्ड काढायचं. तेवढी फट राहू दे. उन्हात रुळाला जागा नको?"

मी म्हटलं, फट चांगली नाही दिसत.

"लहानपणी बांधीत उभा राहून गाडी ऐकायचास ना? कसा आवाज यायचा?"

"टक-टक. टक-टक."

"तो कुठून येतो मग?"

गावाले गेलो नाही. सगळे रूळ उपटले, परत टाकले. पुण्यात एवढा टिकलो ते त्या बोर्डापायी, हे शॉपमधे कोणाले माहीत नाही.

जोड लावायच्या आदल्या दिवशी काका दवाखान्यात गेले. छातीत दुखत होतं. फोनवर पहिलं विचारलं ते हेच.

"टोकाला फट ठेवलीस?"

"ठेवली जी."

"कार्ड घालून पाहिलीस?"

"पाह्यली."

"मग माझी वाट नको बघू. जोडून टाक."

मी म्हटलं, तुमी आल्यावरच. रीत आहे.

ते आले नाहीत.

तेरावं झालं. आज रविवार. पार्किंगमधे सोसायटीवाले म्हणाले, दुसऱ्या कोणाच्या बोर्डाले जोड, आम्ही ढकलतो. मी नाही म्हटलं. मेंबर नाही झालो तरी चालते, असंही बोलून गेलो.

तेवढ्यात काकू रिक्षातून उतरल्या. काकांचा बोर्ड चादरीत गुंडाळून आणला होता.

"इतकी वर्षं याला हात लावू दिला नाही मला," त्या म्हणाल्या. "सांग आता, कुठून ढकलायचं?"

बोर्ड जोडले. मधे कार्ड घातलं, काढलं.

काकूंनी बोट लावलं. डबा निघाला अन् जोडाच्या आधीच थांबला.

त्यांनी परत बोट लावलं.

टक.

मग मागची चाकं. टक.

मी पलीकडे पकडला.

काका, डबा पोचला जी.

रामराम.